दुखणं ज्याचं त्याचं: नाशिकच्या वॉर्डांत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

खुब्याचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. पेठकडच्या पाड्यावरून आलेल्या आजी. राऊंडला डॉक्टरांनी विचारलं, "आजी, दुखतंय का?" आजी म्हणाल्या, "नाय रं बाळा, बरं हाय." केसपेपरवर लिहिलं गेलं, दुखणं नाही. दहा मिनिटांनी मी चादर बदलायला गेले तेव्हा आजींच्या मुठीत पदराचा बोळा होता, वरच्या ओठावर घाम होता, आणि "कूस बदलू या" म्हणताच त्यांनी श्वास रोखून धरला. जवळ बसून पुन्हा विचारलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "ठणकतंय गं माय. पन ते लेकरू कामात हाय, त्येला कशाला तरास?"

सिव्हिलला, महापालिकेच्या दवाखान्यात किंवा गंगापूर रोडच्या एखाद्या खासगी हॉस्पिटलात तुम्ही सिस्टर, ब्रदर किंवा इंटर्न म्हणून नुकतेच लागला असाल, तर अशी आजी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटेल. सर्जरी, ऑर्थो आणि आयसीयूत वीसेक वर्षं काढल्यावर मला वाटतं, वेदनाशमनात आपण सगळ्यात जास्त चुकतो ते सगळ्यांना एकच माप लावून. एकाच दिवशी, एकाच सर्जनने अपेंडिक्स काढलेली दोन माणसं शेजारशेजारच्या खाटांवर असतात. एकाला पॅरासिटामॉलवर झोप लागते, दुसरा रात्रभर कण्हतो. दोघंही खरं बोलत असतात. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा त्यासोबत हेच नोंदवलं: वेदना नेहमी वैयक्तिक असते, माणूस सांगतो त्याचा मान ठेवायचा, आणि बोलता येत नाही म्हणजे दुखत नाही असं धरायचं नाही.

आधी केसपेपर, मग खाट

ड्युटी हातात घेतली की रुग्णाकडे जाण्याआधी दोन मिनिटं केसपेपर वाचा. मी सगळ्यात आधी वजन बघते. आपल्याकडे पॅरासिटामॉलची शंभर एमएलची बाटली सवयीने पूर्ण लावली जाते. त्या बाटलीत १ ग्रॅम औषध असतं. साठ किलोच्या माणसाला ते बरोबर आहे. पण सुरगाण्याहून आलेली ३८ किलोची बाई असेल तर? पन्नास किलोच्या खाली शिरेतून देताना किलोमागे १५ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे तिला एका वेळी ५७० मिलिग्रॅम, बाटलीतले ५७ एमएल. उरलेलं टाकून द्यावं लागतं आणि टाकताना जीव हळहळतो, हे मला माहीत आहे. तरी टाका. पन्नास किलोवरच्या मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. रोज दारू पिणाऱ्याला किंवा लिव्हर खराब असलेल्याला ती बरीच खाली आणावी लागते, म्हणून डॉक्टरांना आठवण करून द्या.

मग क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी, बघा. पोटात अल्सर होता का, दमा आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, बाई गरोदर आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, हेही बघा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, किटोरोलॅक या घराण्यातली औषधं किडनीला, जठराला आणि हृदयाला त्रास देऊ शकतात. गरोदरपणात २० आठवड्यांनंतर ती शक्यतो टाळतात.

आणि एक गोष्ट केसपेपरवर कधीच नसते. घरी काय घेत होते? "गोळ्या चालू आहेत का?" असं विचारलं की बीपी-शुगरच्याच सांगतात. मेडिकलमधून अंगदुखीची म्हणून सुटी आणलेली गोळी त्यांच्या लेखी औषधच नसतं. द्राक्षाच्या छाटणीत, कांदा काढणीत दिवसभर वाकून काम करणारी कितीतरी माणसं ती रोज घेतात. मी सरळ नातेवाइकांना सांगते, "पिशवीतली पाकिटं काढून दाखवा." पुष्कळदा एकाच गोळीत दोन औषधं असतात, त्यात पॅरासिटामॉल आधीच असतं, आणि वरून आपण बाटली लावलेली असते.

दुखण्याची मराठी नावं ऐका

पुस्तकात वेदनेचे प्रकार दिलेले असतात. ते पाठ करा, परीक्षेत येतात. आरोग्य विद्यापीठ तर आपल्या नाशकातच आहे! पण वॉर्डात रुग्ण त्या नावांनी बोलत नाही. तो त्याच्या शब्दांत सांगतो, आणि ते शब्द तुम्ही कान देऊन ऐकलेत तर निम्मं काम तिथेच होतं.

"ठणकतंय", "ठसठसतंय" म्हणाला की मी जखम उघडून बघते: सूज, लाली, पू, आवळलेलं ड्रेसिंग किंवा प्लास्टर. "कळ येते आणि जाते", "मुरडा येतो", "पिळवटतं" म्हणाला तर आतडं, मूतखडा, पित्ताशय असं काहीतरी आतलं. "आग होते", "मुंग्या येतात", "करंट बसल्यासारखं होतं", "नुसती चादर लागली तरी सहन होत नाही" हे बहुतेक वेळा नसेचं दुखणं. त्याला नेहमीची गोळी फारशी दाद देत नाही. "चमक भरली", "उसण भरली" म्हणजे स्नायू. "छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं" ऐकलं तर गोळी शोधत बसू नका, ईसीजीचं मशीन ओढून आणा आणि डॉक्टरांना हाक मारा.

यावरून निदान करायचं नाही, ते आपलं काम नाही. पण हा शब्द जसाच्या तसा केसपेपरवर लिहायचा. "दुखतंय" एवढं लिहिलं तर डॉक्टरांच्या हातात काहीच पडत नाही. "डाव्या तळपायाची रात्री आग होते" लिहिलं तर औषध बदलतं.

भाषेचाही विचार करा. सटाणा, कळवण, मालेगावकडचे लोक आपसात अहिराणी बोलतात. "कितलं दुखस?" एवढं जरी विचारलंत तरी माणसाचा चेहरा सैल होतो. पेठ-सुरगाण्याची काही माणसं कोकणा आदिवासींची कोकणी बोलतात. वॉर्डातली एखादी मावशी किंवा शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक भाषेला मदत करतो. मात्र बाईमाणसाच्या अवघड जागेच्या दुखण्याला परक्या पुरुषाला मध्ये घालू नका.

आकडा विचारा, नाही जमलं तर आणे विचारा

शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. हे माप सगळीकडे वापरतात आणि शिकलेल्या माणसाला जमतं. पण ज्याने कधी पेपर सोडवला नाही त्याला दहापैकी मार्क द्या म्हटलं की तो गोंधळतो किंवा तुम्हाला बरं वाटावं म्हणून चार म्हणतो. अशा वेळी मी आण्यांत विचारते. "काल सोळा आणे दुखत होतं असं धरा, आज किती आणे राहिलं?" म्हातारी माणसं चटकन सांगतात, "आठ आणे गेलं, आठ आणे हाय." ते आकड्यात बसवून लिहा, कंसात त्यांचे आणेही लिहा.

आकडा निजलेल्या अवस्थेत एकदा आणि हालचाल करताना एकदा घ्या. पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस निपचित पडला असेल तर दोन सांगेल. त्याला खोकायला सांगा, आठ होईल. तो आठ आपल्याला हवा असतो, कारण दुखण्याच्या भीतीने तो खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो.

त्याच्या सोबत आणखी एक प्रश्न: "दुखणं थोडं कमी झालं तर आधी काय करावंसं वाटतंय?" कुणी म्हणतं, स्वतःच्या पायाने संडासला जायचंय. कुणी म्हणतं, चार तास सलग झोप हवी. एका बाळंतिणीने मला सांगितलं होतं, "बसून बाळाला पाजता यावं, बस." तिच्या सिझरच्या टाक्यांचं दुखणं शून्यावर आणायची गरज नव्हती. पाजायच्या वेळेच्या आधी औषध पोचेल अशी वेळ लावली, मांडीवर उशी दिली, आणि काम झालं.

ज्यांना सांगता येत नाही

लहान मूल, विसराळूपणाचा आजार असलेले आजोबा, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण. इथे डोळे वापरायचे. दोन महिन्यांपासून सातेक वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी फ्लॅक नावाचं माप आहे: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत काढल्यावर शांत होतं का, या पाचांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. त्याहून मोठ्या, बोलणाऱ्या मुलांना चेहऱ्यांची चित्रं दाखवा. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी पेनॅड आहे, आयसीयूसाठी सीपॉट. तुमच्या वॉर्डात जे वापरतात ते इन्चार्ज सिस्टरकडून नीट शिकून घ्या. वेगवेगळ्या पाळीत वेगवेगळं माप वापरलं तर काल आणि आजची तुलनाच होत नाही.

आजोबा रात्री अचानक खाटेवरून उठायला लागले, सलाईन ओढायला लागले, की नवखा माणूस हात बांधायचा विचार करतो. थांबा. आधी लघवीची पिशवी बघा, नळी पिळली गेली असेल तर पोट तुंबलेलं असतं. मग पाठीखाली हात घालून बघा, जखम झाली आहे का. मग दुखण्याचा विचार करा. घरच्या माणसाला विचारा, "यांना दुखलं की हे काय करतात?" सून सांगते, "कपाळ चोळतात." ही एक ओळ कुठल्याही मापापेक्षा मोलाची असते, ती पुढच्या पाळीला जरूर सांगा.

कुणाला काय: ऑर्डर डॉक्टरांची, माहिती तुमची

औषध ठरवणं डॉक्टरांचं काम. पण रुग्णाजवळ आठ तास तुम्ही असता, डॉक्टर पाच मिनिटं. तुम्ही काय सांगता त्यावर ऑर्डर ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी मांडली. खाली पॅरासिटामॉलसारखी औषधं, मध्ये सौम्य अफूवर्गीय, वर मॉर्फिन. अजूनही ती शिकवतात. पण ऑपरेशननंतर शिडी उलटी असते: पहिल्या दिवशी जास्त लागतं, मग एकेक पायरी उतरायची. शिवाय आता एकाच औषधाचा डोस वाढवत नेण्यापेक्षा दोन-तीन वेगवेगळ्या वाटांनी जाणारी औषधं थोडी थोडी देतात. पॅरासिटामॉल वेळेवर, जोडीला चालत असेल तर सूज कमी करणारं औषध, शक्य असेल तिथे भूलतज्ज्ञांनी नस बधिर करायला दिलेला ब्लॉक, आणि तरी दुखलं तर मॉर्फिन किंवा फेंटानिल.

आता आपल्या भागात वारंवार भेटणारी माणसं.

पावसाळ्यात तापाने फणफणलेला, "अंग मोडून आलंय" म्हणणारा रुग्ण आला की डेंग्यूची शंका मिटेपर्यंत डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन नको. प्लेटलेट उतरलेल्या असतात आणि रक्तस्राव होऊ शकतो. दंडात किंवा कमरेत इंजेक्शनही टाळायचं. पॅरासिटामॉल, पाणी आणि लक्ष.

किडनी कमजोर असलेल्याला मॉर्फिनचे अंश शरीरात साठतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या डोसनंतर तो गुंगीत जातो. फेंटानिल त्या मानाने बरं. ट्रामाडॉल सरसकट दिलं जातं, पण फिट्स येणाऱ्या माणसाला आणि डिप्रेशनच्या काही गोळ्या चालू असलेल्याला ते धोक्याचं आहे. ७५ वर्षांवरच्यांना मात्रा कमी लागते. मधुमेहाने पाय जळणाऱ्याला प्रीगाबालिन, गाबापेंटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन सारखं नसेवरचं औषध लागतं. त्याचा गुण यायला दिवस लागतात, हे रुग्णाला आधीच सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो गोळी उशीखाली ठेवून देतो.

आणि सिकलसेल. यावर मी जरा थांबणार आहे, कारण इथे आपण माणसाला सगळ्यात जास्त दुखावतो. आपल्या जिल्ह्याच्या आदिवासी तालुक्यांतून सिकलसेलची मुलं-मुली येतात. रक्तपेशी विळ्यासारख्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडापर्यंत रक्त पोचत नाही, आणि जी कळ येते ती हाड मोडल्यासारखी असते. बाहेरून काही दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, एक्स-रे साफ. मूल दोन महिन्यांत तिसऱ्यांदा येतं, इंजेक्शनचं नाव स्वतः सांगतं, आणि वॉर्डात कुणीतरी म्हणतं, "याला सवय लागलीय." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, एका काळी मनात आणलंही आहे. ते पोर इंजेक्शनचं नाव सांगतं कारण त्याला आयुष्यभर हेच भोगायचं आहे आणि मागच्या वेळी कशाने उतरलं ते त्याच्या लक्षात आहे. ती माहिती आहे, हट्ट नाही. विश्वास ठेवा, आल्यावर अर्ध्या तासाच्या आत औषध सुरू होईल असं बघा, पाणी भरपूर द्या, पांघरूण घाला. मुरगळलेल्या पायाला आपण बर्फ लावतो, इथे बर्फ लावायचा नाही. थंडीने त्रास वाढतो, कोमट शेक द्या. छातीत दुखू लागलं, धाप लागली किंवा ताप आला तर तत्काळ डॉक्टरांना कळवा.

एसओएसचा सापळा

मी नवी असतानाची गोष्ट. एका माणसाचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. दुखण्याचं औषध एसओएस लिहिलेलं, म्हणजे लागलं तर द्या. त्याने मागितलं नाही, मी दिलं नाही. तीन पाळ्यांत कुणीच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी ताप चढला, छाती कफाने भरलेली. त्याची बायको म्हणाली, "सिस्टर, मागितलं तर तुम्ही रागावाल असं वाटलं त्यांना." ते वाक्य मी विसरलेले नाही.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन दिवस किंवा कायमचं दुखणं असेल तेव्हा औषध घड्याळाप्रमाणे हवं. एसओएस हे त्यावर वरून अधूनमधून लागणारं. केसपेपरवर नुसतं एसओएस दिसलं तर राऊंडला विचारा, "सर, हे सहा तासांनी नेमाने लावू का?" बहुतेक डॉक्टर हो म्हणतात. आणि ड्रेसिंग, फिजिओ, पहिल्यांदा उभं करणं याच्या आधी औषध पोचलेलं असू द्या. शिरेतून दिलेल्याला पंधरा-वीस मिनिटं, तोंडाने दिलेल्याला पाऊण ते एक तास.

मॉर्फिनला घाबरू नका, पण डोळ्यात तेल घालून बघा

मॉर्फिन एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली येतं, हा कायदा १९८५ चा. उपचारासाठी ते मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. ट्रामाडॉलही २०१८ पासून त्याच कायद्याखाली आहे. म्हणून कुलपातलं कपाट, रजिस्टर, सह्या, रिकाम्या ॲम्प्यूलचा हिशेब. ते चोख करा. पण रजिस्टर भरायचा कंटाळा येतो म्हणून रुग्णाला तळमळत ठेवू नका.

नातेवाईक विचारतात, "याची सवय नाही ना लागणार?" खरं उत्तर द्या: देखरेखीखाली, तीव्र दुखण्याला, थोड्या दिवसांसाठी दिलं तर ती शक्यता फार कमी. आधी काही व्यसन असेल तर सांगा, म्हणजे आम्ही त्याप्रमाणे जपू.

धोका श्वासाचा. श्वास मंदावण्याआधी गुंगी वाढते, म्हणून आधी जाग बघा. हाक मारल्यावर डोळे उघडून वाक्य पूर्ण करतो का? बोलता बोलता झापड येते का? श्वास घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा. दहाच्या खाली आला किंवा तो हाकेला नीट जागा होत नसेल तर पुढचा डोस थांबवा, ऑक्सिजन लावा, डॉक्टरांना बोलवा. मॉर्फिनवरचा उतारा नॅलोक्सोन कुठल्या ट्रेमध्ये आहे हे ड्युटीच्या पहिल्याच दिवशी बघून ठेवा. घोरणाऱ्या, जाड माणसावर, झोपेची गोळी घेणाऱ्यावर आणि म्हाताऱ्यांवर जास्त लक्ष. दुसरा त्रास बद्धकोष्ठाचा, तो जवळपास ठरलेलाच. मॉर्फिन दोन दिवसांहून जास्त चालणार असेल तर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. घरचे इसबगोल आणतात. पाणी कमी पिणाऱ्या, पडून असलेल्या माणसाला मॉर्फिनसोबत ते अडकून बसतं, तेव्हा नम्रपणे थांबवा.

औषध दिलं की काम संपत नाही. शिरेतून दिलं असेल तर अर्ध्या तासात, तोंडाने दिलं असेल तर तासाभरात परत त्या खाटेपाशी जा आणि तोच प्रश्न विचारा. आठाचा पाच झाला, मळमळ आहे, जाग चांगली आहे: तीन गोष्टी, वेळ घालून. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवताना, "बेड सातला पेनकिलर दिलंय" एवढ्याने भागत नाही. "दोनला दिलं, अडीचला आठाचं चार झालं, पण कूस बदलताना अजून सात आहे" हे सांगा. नाईटच्या सिस्टरला त्यावर पुढचं पाऊल टाकता येतं.

औषधाशिवायचं थोडक्यात. टाके असलेल्या पोटावर उशी दाबून धरून खोकायला शिकवा. मोडलेला पाय उंच ठेवा. इंट्राकॅथच्या, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवलेल्या नळीच्या, जागी सूज असेल तर ती बदला, पुष्कळांचं रात्रीचं दुखणं तिथलंच असतं. रात्री बाराच्या पुढे खाटेवरचा दिवा मालवा. पुढे काय होणार आहे ते आधी सांगा. "आता ड्रेन काढते, पाच सेकंद ओढल्यासारखं वाटेल, लांब श्वास सोडा" असं सांगून काढलेला ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) कमी दुखतो.

घरी जाताना

डिस्चार्जच्या दिवशी घाई असते, नातेवाइकांचं लक्ष सीबीएसवरून सुटणाऱ्या एसटीकडे असतं. तरी पाच मिनिटं खाटेवर बसा. गोळ्यांच्या पाकिटावर पेनने काढा: सूर्य उगवताना, डोक्यावर, मावळताना, चंद्र. कोणती जेवणानंतर ते सांगा. कोणती पाच दिवसांनी बंद करायची तेही सांगा आणि ती तेवढीच मोजून द्या. हीच गोळी मेडिकलमधून दुसऱ्या नावाने घेऊ नका, हे दोनदा सांगा. दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, जखम ठणकू लागली, पाय सुजून पोटरी दुखली, काळी संडास झाली तर वाट न बघता जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जायचं, कागद सोबत ठेवायचे.

मग त्यांनाच विचारा, "आता मला सांगा, रात्रीची कोणती?" त्या पेठच्या आजींनी चंद्रावर बोट ठेवलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "ही. आन् दुखलं तर सांगायचं, गप नाय बसायचं."